आठ दिवस पाहुणे आणि सकाळी न वळणारे हात

प्रश्न : माझं वय ४३. भांडुपला वन बीएचकेमध्ये मी, यजमान आणि अकरावीतला मुलगा असे तिघं राहतो. चार वर्षांपूर्वी रुमेटॉइड आर्थरायटिसचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आमवाताचं, निदान झालं. दर शनिवारी रात्री मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी), दोन दिवसांनी फॉलिक अॅसिड आणि रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे. सकाळी तासभर मुठी वळत नाहीत, रविवार मळमळीत जातो. एरवी मी धडधाकट दिसते, आणि अडचण तीच आहे. यंदा आमच्या पाच दिवसांच्या गणपतीला कराडहून सासूबाई, नणंद, तिचे यजमान आणि दोन लहान मुलं आठ दिवस राहायला येणार आहेत. सासूबाईंना वाटतं, मी कामाचा कंटाळा करते. उकडीचे मोदक, आठ माणसांचा स्वयंपाक, लालबागची रांग हे सगळं आलंच. सासूबाई गुळवेलीचा काढाही आणणार आहेत. त्या आठवड्यात मेथोट्रेक्सेट घेतलं नाही तर चालेल का? घरात जुन्या स्टेरॉइडची स्ट्रिप उरली आहे, ती पाच दिवस घेऊ का? आणि हे सगळं त्यांना सांगू तरी कसं?

उत्तर : ताई, गोळ्यांच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

मेथोट्रेक्सेटचा परिणाम हळूहळू, काही आठवड्यांत साचत जातो. म्हणून एक डोस टाळला तरी दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही, आणि ‘चालतं की’ असं वाटू लागतं. घोटाळा तिथेच होतो. तुमची खरी तक्रार रविवारच्या मळमळीची आहे, आणि तिच्यावर वेगळे उपाय आहेत. गोळी रात्री पोटभर जेवून, झोपायच्या आधी घेतली तर मळमळीचा बराचसा वेळ झोपेत जातो. तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर फॉलिक अॅसिड वाढवतात, मळमळीची गोळी जोडून देतात, किंवा गोळीऐवजी त्याच औषधाचं इंजेक्शन सुरू करतात. यातलं काहीही गणपतीच्या आठवड्यात पहिल्यांदा करून बघू नका. आत्ताच विचारा, म्हणजे दोन-तीन शनिवार हाताशी राहतील. चतुर्थीच्या आसपासचा शनिवार अगदीच अडचणीचा असेल, तर डॉक्टरांना विचारून तेवढा एक डोस रविवारी किंवा सोमवारी घेता येतो. साधारण नियम असा : ठरलेला दिवस हुकला तर पुढच्या दोन दिवसांत घ्यायचा, त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून द्यायचा. दोन आठवड्यांचा डोस एकत्र कधीही घ्यायचा नाही.

जुन्या स्ट्रिपचा मोह समजतो, कारण प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड खरोखरच एक-दोन दिवसांत हात मोकळे करतं. पण ते रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढवतं, जंतुसंसर्गाचा ताप झाकून टाकतं, आणि बंद केलं की दुखणं परत येतं. पाच दिवसांच्या हिशेबाने ते नेमकं विसर्जनाच्या सुमाराला परतेल. दुखणं भडकलं तर डॉक्टर कधीकधी थोड्या दिवसांचा कमी मात्रेचा कोर्स देतातही; पण किती मिलिग्रॅम, किती दिवस आणि कसं उतरवायचं हे त्यांनी ठरवायचं. त्यासाठी पाहुणे यायच्या दोन आठवडे आधी भेटीची वेळ घ्या आणि सरळ विचारा : ‘आठ दिवस घरात पाहुणे आहेत, त्या काळात सांधे सुजले तर काय घेऊ?’ उत्तर प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्या. रक्ततपासणी त्या आठवड्यात येत असेल तर तीही आधी उरका, आणि गोळ्यांचा साठा पंधरा दिवस पुरेल इतका ठेवा. चतुर्थीला ओपीडी बंद असते आणि नेहमीचा औषधवालाही अर्धा दिवस दुकान उघडेल याचा भरवसा नाही.

आता सांगायचं कसं ते. माझं स्पष्ट मत आहे की सासूबाईंना आजार समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, हे वाक्य कितीही सोपं केलं तरी समोरच्याला त्यातून काय करायचं ते कळत नाही. शेवटी ‘आमच्याही गुडघ्यांना वात आहे’ इथे संभाषण थांबतं. त्यापेक्षा घड्याळ सांगा. या आजाराचा दाह रात्री उशिरा आणि पहाटे चढलेला असतो, म्हणून सकाळचा पहिला तास-दीड तास वाईट आणि दुपार बरीच बरी. ‘सकाळी साडेआठपर्यंत माझे हात चालत नाहीत, साडेआठनंतर मी आहे,’ एवढं वाक्य कोणालाही समजतं, आणि त्यात सबब शोधायला जागा नसते.

हे वाक्य बोलायचं मात्र तुमच्या यजमानांनी. आई त्यांची, बहीण त्यांची. फोनही निघायच्या आदल्या दिवशी नको, पंधरा दिवस आधी हवा, आणि त्यात विनवणी नको. उदाहरणार्थ : ‘आई, हिचे हात सकाळी साडेआठपर्यंत उघडत नाहीत. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. सकाळचा चहा आणि पाणी माझ्याकडे, नाश्ता ताईकडे. मोदक दुपारी सगळे मिळून करू. रविवारी ही झोपून राहील, शनिवारच्या औषधाचा त्रास असतो.’ नणंदेशी तुम्ही स्वतंत्र बोला. बहुतेक घरांत नणंदेला काम करायचं असतं, फक्त कुठलं ते कोणी सांगत नाही. मग ती ‘वहिनी, काही करू का?’ विचारते, आपण ‘नको गं, बस’ म्हणतो, आणि संध्याकाळी दोघी नाराज. तिला ठरावीक काम नावानिशी द्या : कणीक मळणं, कुकर उचलणं, नारळ फोडणं.

आणखी एक. तुम्ही सकाळी बाथरूममध्ये कडी लावून हात सैल होण्याची वाट बघता आणि मग हसऱ्या चेहऱ्याने बाहेर येता, असा माझा अंदाज आहे. हा आजार असलेल्या बहुतेक बायका तेच करतात. तसं करू नका. सासूबाईंना सात वाजताचे तुमचे हात दिसू द्या. त्यांच्यासमोर बसून कोमट पाण्याच्या टोपात दहा मिनिटं हात बुडवा, मूठ हळूहळू वळा, उघडा. दहा-पंधरा वेळा. हा उपाय तर आहेच, शिवाय जे चार वर्षांत सांगून पटलं नाही ते बघून पटू शकतं. ‘हातपाय हलवत राहिलं पाहिजे’ असं त्या म्हणाल्या तर मान्य करा, कारण ते अर्धं खरं आहे. हलवल्याने ताठरपणा कमीच होतो. फक्त हलवणं वेगळं आणि जोर लावणं वेगळं.

झोपण्याच्या व्यवस्थेत चूक हमखास होते. पाहुण्यांना पलंग देऊन घरची बाई हॉलमध्ये खाली गादी टाकते. जमिनीवरून उठताना सगळा भार मनगटांवर आणि गुडघ्यांवर येतो, तोही सकाळी, म्हणजे सगळ्यात वाईट वेळेला. पलंगावर तुम्ही आणि सासूबाई झोपा (त्यांचेही गुडघे दुखतातच), बाकीचे सहा जण हॉलमध्ये. गाद्या कमी पडल्या तर जवळच्या डेकोरेटरकडून भाड्याने आणा.

बाथरूम एक आणि माणसं आठ. त्यात पाणी ठरावीक वेळ येणारी बिल्डिंग असेल तर सकाळी भरण्याची घाई. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो, आणि कडीचं ओझं थेट बोटांच्या मुळांवर. बादल्या मुलाने भराव्यात. नळाला पाइप लावून पिंप भरता येत असेल तर बादली उचलायलाच नको. तुम्ही आंघोळीला पहिला नंबर घ्या, कारण गरम पाण्यानेच अंग मोकळं होतं. पहिला नंबर मिळणार नसेल तर शेवटचा मागा. मधला नंबर वाईट : बाहेरून दार वाजत असताना ताठरलेल्या हातांनी कुडत्याची बटणं लावावी लागतात.

पाहुणे मदत म्हणून जे करतात त्यातल्या एका गोष्टीकडे लक्ष हवं. ते सगळं घट्ट बंद करतात. डब्यांची झाकणं, पाण्याच्या बाटल्या, नळ, लोणच्याची बरणी. पिळून उघडण्याची हालचाल तुमच्या अंगठ्याच्या मुळाला आणि मनगटाला सगळ्यात महाग पडते. पहिल्याच दिवशी घरभर सांगून टाका : झाकण नुसतं टेकवायचं. उघडायची वेळ आलीच तर ओट्यावर ओलं फडकं पसरून बरणी त्यावर ठेवा, म्हणजे ती सरकत नाही, आणि झाकण बोटांनी न पकडता तळहाताने दाबून फिरवा.

स्वयंपाकात मुख्य शत्रू पोळ्या. आठ माणसं, दोन्ही वेळा, म्हणजे दिवसाला पन्नास-साठ पोळ्या सहज होतात, आणि लाटताना मनगट सतत दाबाखाली असतं. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणा. मुंबईत त्यात कमीपणा मानायचे दिवस कधीच गेले, आणि सासूबाईंना तसं वाटलं तर उत्तर त्यांच्या मुलाने द्यावं. संध्याकाळी पोळी ठेवूच नका. वरणभात, मसालेभात, मुगाची खिचडी यावर आठवडा निघतो. पाच लिटरचा कुकर भरला की चार-पाच किलोचा होतो, त्यामुळे तो उचलायचाच नाही. ओट्यावर सरकवता येईल तिथवर सरकवा, नाहीतर दोन लहान कुकर लावा. आमटी, दूध पातेलं कलंडवून ओतण्याऐवजी ओगराळ्याने काढा. पातेलं उचलणं भागच असेल तर चिमट्याने नाही. दोन्ही हातांत जाड फडकं घेऊन, तळवे खालून लावून आणि कोपरं अंगाशी ठेवून. भाजी चिरायला ओट्याशी उंच स्टूल घ्या. विळीवर भाजी कापणं काही जणींच्या हातांना सुरीपेक्षा सोपं जातं, कारण पातं स्थिर असतं. पण त्यासाठी जमिनीवर बसावं लागतं आणि मग उठावं लागतं.

मोदकांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हात तिथेच बिघडतात. त्यात तीन कामं जोराची आहेत : नारळ खोवणं, गरम उकड मळणं आणि कळ्या काढणं. नारळ खोवलेला विकत मिळतो, तोच घ्या. सारण आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा. उकडीला एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाणी उकळलं की पीठ घालून ढवळा, झाकून दोन-तीन मिनिटं मंद आचेवर वाफ आणा आणि गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच राहू द्या. मळण्याचं काम नणंदेचं किंवा फूड प्रोसेसरचं. तुमच्यावरच आलं तर हाताने मळू नका, सपाट बुडाच्या वाटीला तेल लावून तिने उकड रगडा. तेव्हा जोर बोटांऐवजी तळव्यातून आणि खांद्यातून जातो. उकड गार झाली की घट्ट होते, पारी फाटते, आणि मग माणूस आणखी जोर लावतो. म्हणून एका वेळी दोन वाट्यांच्या पिठापेक्षा जास्त घेऊ नका, बाकी ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. कळ्यांना साचा वापरा. साच्याच्या मोदकाला नाक मुरडणारी माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांना समोर बसवून पाच मोदक हाताचे करायला द्यावेत. नैवेद्याचे एकवीस घरी, खाण्याचे बाहेरून. वाफ दहा-बारा मिनिटं पुरते.

हे सगळं सकाळी सहाला सुरू झालं तर वरचा एकही उपाय उपयोगाचा नाही, आणि मुंबईत चतुर्थीला गुरुजी पहाटे पाचलाही येतात, कारण त्यांच्या यादीत वीस घरं असतात. आत्ताच फोन करून अकरानंतरची वेळ मागा. गणेशपूजनाचा मुख्य काळ शास्त्राप्रमाणे मध्यान्हीचाच मानला जातो, तेव्हा उशिराच्या पूजेवर सासूबाईही आक्षेप घेऊ शकणार नाहीत. गुरुजींना जमत नसेल तर यजमानांनी पुस्तक समोर ठेवून पूजा करावी.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरताळका आणि बहुधा दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, म्हणजे जागरण, उपास आणि सणाचं काम लागोपाठ. निर्जळी उपास तुम्ही करू नये. अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट नीट बाहेर पडत नाही आणि त्याचा विषारी परिणाम वाढू शकतो. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेतली तर पोटाचे हाल वेगळेच. फळं, दूध, भरपूर पाणी घेऊन उपास करा. हे डॉक्टरांचं बंधन आहे, असं म्हटलं की पुढे चर्चा होत नाही. जागरणही नको, अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढतं.

लालबागला तुम्ही जायचं नाही. नवसाची रांग असो की मुखदर्शनाची, तासन्‌तास उभं राहणं आणि रेटारेटी टळत नाही. गर्दीत कोणी हात ओढला तरी मनगट आठवडाभर बोलतं. पण पाहुण्यांना जरूर पाठवा, यजमानांबरोबर, आणि तो तुमचा विश्रांतीचा दिवस धरा. भांडुपहून धीमी लोकल पकडून चिंचपोकळीला उतरायचं (जलद गाड्या तिथे थांबत नाहीत), चिंतामणी बघून चालत गणेश गल्ली आणि मग लालबाग. सकाळी निघाले तर संध्याकाळपर्यंत घर तुमचं. त्या वेळात घर आवरायला घेऊ नका, झोपा. तुम्हाला देव बघायचेच असतील तर दुपारी रिक्षाने भांडुप-मुलुंडमधली दोन मंडळं करून या.

काढ्याचा प्रश्न नाजूक आहे, कारण तो प्रेमाने आणलेला असतो. तरी गुळवेल घेऊ नका. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते असं मानतात, आणि तुमची मुख्य औषधं ती आवरण्यासाठी आहेत. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. पण ज्यांच्या यकृतावर मेथोट्रेक्सेटचा भार आधीच आहे, त्यांनी या वादाचा निकाल स्वतःवर लावून बघू नये. सासूबाईंना सांगा, ‘डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नवीन काही घ्यायचं नाही, बाटली दाखवते.’ आणि खरंच दाखवा. लेबल नसलेल्या पुड्यांना मात्र हातही लावू नका. सांधेदुखी ‘दोन दिवसांत’ बरी करणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि तशा पुडीने बरं वाटलं तर तेच कारण असण्याची शक्यता मोठी. मेथीचे लाडू आणले तर आनंदाने खा.

तुमचे डबे आणि स्ट्रिपा कपाटात वर, कुलपात ठेवा. मुलं लहान आहेत. मोठ्यांकडूनही चूक होते : मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अॅसिड, दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान आणि पिवळसर असतात, आणि ‘वहिनी, तुझी रोजची गोळी’ म्हणून कोणीतरी पाण्याबरोबर भलतीच आणून देतं. आठवड्याची गोळी रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. म्हणून स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘फक्त शनिवार’ लिहा, आणि गोळी स्वतःच्याच हाताने काढून घ्या.

निघायच्या आदल्या दिवशी नणंदेला विचारा, मुलांना ताप, सर्दी किंवा कांजिण्या तर नाहीत ना. कांजिण्या असतील तर येणं पुढे ढकला. त्यात संकोच नको, कारण तुमच्या औषधांवर कांजिण्या गंभीर होऊ शकतात. तुम्हाला ताप आला तर त्या आठवड्याचं मेथोट्रेक्सेट घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. संसर्ग असेपर्यंत ते बहुतेक वेळा थांबवतात. भाद्रपदातल्या मुंबईत ताप म्हणजे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यातलं काहीही असू शकतं. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या नाही, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. जवळच्या डॉक्टरकडे जावं लागलं तर आधी ‘मी मेथोट्रेक्सेटवर आहे’ असं सांगा, कारण को-ट्रायमोक्साझोल हे साधं, स्वस्त अँटिबायोटिक त्याच्याबरोबर घेतलं तर अस्थिमज्जेचं, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी तयार होण्याचं, काम धोक्यात येतं. सगळे सांधे थोडे थोडे दुखणं हे तुमचं नेहमीचं दुखणं. एकच सांधा लाल, गरम, टरटरून सुजलेला आणि बरोबर ताप असेल, तर तो सांध्यातला संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, आरती नंतर होईल. कोरडा खोकला आणि धाप, किंवा डोळे पिवळे दिसले तरीही थांबू नका.

परतीचं तिकीट येतानाच काढायला सांगा, म्हणजे आठाचे अकरा दिवस होत नाहीत. पाहुणे गेल्यावर चादरी हाताने पिळू नका, त्या हालचालीने मनगटं सुजतात. निघायच्या सकाळी प्रत्येकाने आपापली चादर मशीनमध्ये टाकून जावं, हे नणंदेला आधीच सांगायला काहीच हरकत नाही.